ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

"मुलगी बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतर दोनदा नीट दिली, जमली नाही. आता म्हणते, एम.एस्सी. करून रेडिएशन आणि रक्तपेशी यांवर संशोधन करणार. उंदरांना किरणं द्यायची आणि त्यांचं रक्त तपासायचं म्हणे. घरात सगळे घाबरलेत. उंदरांतून तिला रेडिएशन लागलं तर? उद्या लग्न जमायचंय, मुलंबाळं व्हायचीत. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा आमचे दोन टिपर मातीमोलानं गेले, त्यामुळं मला आता धोका नको. मी तिचा बी.एड.चा फॉर्म भरून ठेवलाय, सरकारी भरतीचाही भरलाय. ओटीपी चुकायला नको म्हणून नंबर माझाच दिलाय. तिला अजून सांगितलेलं नाही. तिनं सेमिनारसाठी लिहिलेली सहा पानं जोडतोय, म्हणजे डोक्यात काय शिरलंय ते कळेल. तिला पटेल असे दोन शब्द लिहा. मी पत्र पाठवलं हे मात्र तिला कळू देऊ नका."
– एक पालक, डिचोली तालुका, गोवा

नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. रेडिएशनपाशी एकदाही थांबले नाही. थांबले ती 'तिला अजून सांगितलेलं नाही' या चार शब्दांपाशी. एकवीस वर्षांची मुलगी, मतदान करते, आणि तिच्या नावाचे दोन अर्ज कुठल्या तरी पोर्टलवर पडलेत याचा तिला पत्ता नाही. हॉलतिकीट निघेल ते तुमच्या फोनवर. समजा, ती बी.एड.ला लागली. तो दाखला तिनं मिळवला की तुम्ही?

खाणींचं मला ठाऊक आहे. डिचोली-सत्तरीच्या अंगणांत ताडपत्रीखाली गंजत उभे असलेले टिपर मी पाहिलेत. २०१८ मध्ये दुसऱ्यांदा खाणी थांबल्या तेव्हा करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्यासमोर येऊन बसणारे पालक 'सरकारी' याखेरीज दुसरा शब्द बोलत नव्हते. बँकेचे हप्ते डोक्यावर असताना ज्यानं धंदा बुडताना पाहिलाय, त्याला महिन्याच्या एक तारखेचं मोल मी काय सांगणार? तुमची भीती मला खरी वाटते. पण टिपर तुमचे होते, तुम्ही डोळ्यांनी बघून घेतले होते. तिला निदान तेवढं तरी करू द्या.

आणि बी.एड. म्हणजे काही मागचं दार नव्हे. मनाविरुद्ध फळ्यासमोर उभी राहिलेली बाई पुढच्या तीस वर्षांत किती पोरांचं विज्ञान नासवते, ते पालकसभेत तुम्हीच तावातावानं सांगाल. नीट तिसऱ्यांदा देण्याचा विषय तुम्ही काढला नाहीत, त्याबद्दल आभार.

आता ती सहा पानं. तुम्ही ती पुरावा म्हणून पाठवलीत, मी ती पोहे गार होईपर्यंत वाचत बसले. तिनं सुरुवात केलीय १९४९ पासून. शिकागोच्या लिऑन जेकबसननं उंदराची प्लीहा, म्हणजे पोटातला रक्त गाळणारा अवयव, शिशानं झाकली आणि बाकी सगळ्या अंगाला मारक किरणं दिली. उंदीर मरायला हवे होते, ते जगले. जेकबसनला वाटलं, झाकलेल्या प्लीहेतून काही रासायनिक संकेत सुटत असणार आणि त्यानं अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला रक्तपेशी बनवणारा मगज, पुन्हा उभी राहत असणार. १९५० च्या दशकाच्या मध्यावर गुणसूत्रांच्या खुणांवरून कळलं की मुख्य काम पेशींचं होतं. शाबूत पेशी रक्तातून प्रवास करून मज्जेत जाऊन वसल्या होत्या. मग १९६१ मध्ये टोरांटोत टिल आणि मॅककलक यांनी किरणं दिलेल्या उंदरांना मज्जेच्या पेशी टोचल्या. दहाएक दिवसांत प्लीहेवर गाठी दिसल्या, साधारण दहा हजार पेशींमागे एक. ज्यांतून बाकी रक्तपेशी घडतात अशा रक्ताच्या मूलपेशी असतात याचा पहिला भक्कम पुरावा तो.

हे सगळं पुस्तकातून उतरवता येतं. तिसऱ्या पानाच्या समासात तिनं पेन्सिलीनं जे लिहिलंय ते उतरवता येत नाही: 'जेकबसन चुकला हे ठीक. पण मग मज्जेला कळतं कसं, किती पेशी करायच्या?' काका, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. यावर माणसांची आयुष्यं गेलीत. मूत्रपिंडाला प्राणवायू कमी पडला की ते एरिथ्रोपोएटिन सोडतं आणि मज्जेत तांबड्या पेशींचं उत्पादन वाढतं. हे द्रव्य शुद्ध स्वरूपात हाती यायला १९७७ साल उजाडलं, आणि त्यासाठी रुग्णांची २,५५० लिटर लघवी आटवावी लागली. हाती आलं काही मिलिग्रॅम. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांना आज त्याचीच इंजेक्शनं देतात. तुमच्या ओळखीत कोणी डायलिसिसवर असेल तर त्यांना विचारा. पांढऱ्या पेशी वाढवणारा असाच एक संकेत, जी-सीएसएफ. केमोनंतर तो देतातच. २०१५ मध्ये अमेरिकेत तो किरणांच्या मोठ्या माऱ्यानंतर मज्जा सावरण्यासाठीही मंजूर झाला. म्हणजे जेकबसनची शंका अगदीच वाया गेली नाही, तिला पत्ता वेगळा मिळाला.

तेव्हा मला वाटतं, तुमच्या मुलीला रेडिएशनचं वेड नाही. तिला ओढ आहे ती रक्ताची. किरणं हे त्यातलं हत्यार: मज्जा रिकामी करायची आणि ती कशी भरते ते पाहायचं. तिनं स्वतःच्या विषयाला नाव चुकीचं दिलंय आणि घरात सगळे त्या नावाला घाबरलेत.

त्या भीतीबद्दल एकदाच सांगते. किरणं दिलेला उंदीर स्वतः किरणं सोडत नाही. एक्स-रे काढून घरी आलेला माणूस शेजारच्याला बाधतो का? नाशिकजवळ लासलगावला हापूस आंब्यांना गॅमा किरणं देतात. २००७ पासून असे आंबे अमेरिकेत जातात आणि लोक ते मिटक्या मारत खातात. आपल्या मानकुरादला तसं केलं तरी तो मानकुरादच राहील. प्रयोगशाळेत कोबाल्ट किंवा सीझियमचा स्रोत जाड शिशाच्या आत बंद असतो, नाहीतर एक्स-रेचं यंत्र असतं, बटण बंद केलं की किरणं बंद. जनावराला किरणोत्सारी द्रव्यच टोचलं तर गोष्ट निराळी. त्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत. काम करणाऱ्याच्या छातीवर टीएलडी बॅज असतो, किती मात्रा मिळाली ते त्यावरून मोजतात. आपल्याकडची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (मात्रा मोजायचं एकक). बाई गरोदर असेल तर पोटातल्या बाळासाठी ती १ मिलिसिव्हर्टवर येते. तुम्ही-मी घरात बसून निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ घेतोच. मुलंबाळं होणार नाहीत ही कल्पना कुठून आली मला माहीत नाही, बहुधा चवथीला जमलेल्या नातेवाइकांतून. स्थळ बघायला आलेल्यांना 'रक्तावर संशोधन करते' एवढं सांगितलं तरी पुरे, ते खोटंही नाही.

आता तुमच्या मुलीला दोन गोष्टी, कारण हे उत्तर तिनं वाचावं अशी माझी अट आहे.

बाय, तू उंदीर हातात धरलायस का? यूजीसीनं विच्छेदन बंद केल्यापासून तुमची पिढी प्राण्याला हात न लावता प्राणिशास्त्र शिकते. त्यात वाईट काही नाही. पण तुझ्या सहा पानांतले बहुतेक उंदीर शेवटी मारले जातात, आणि तू एकदाही तिथं थांबलेली नाहीस. प्रत्येक प्रयोगाला प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. ती मिळाली तरी हात तुझेच असतात. माझ्याकडची एक मुलगी पहिल्याच आठवड्यात रडत परत आली होती. तिला मी कच्ची म्हणणार नाही, तिला कोणी आधी विचारलंच नव्हतं. तुला जमणार नसेल तर रक्त सोडायची गरज नाही. नळीत काढलेल्या माणसाच्या रक्ताला किरणं देऊन लिम्फोसाइटमधली (एका जातीच्या पांढऱ्या पेशींमधली) मोडलेली गुणसूत्रं मोजायची, हे आख्खं क्षेत्र आहे. अपघातात कोणाला किती मात्रा लागली ते त्यावरून काढतात. शिवाय रक्तपेढ्या आहेत. तिथं काही रुग्णांसाठी रक्ताला मुद्दाम २५ ग्रे (शोषलेल्या किरणांचं एकक) इतकी किरणं देतात, दात्याच्या लिम्फोसाइट रुग्णावर उलटू नयेत म्हणून.

दुसरी गोष्ट कडू आहे. सहा पानांत एक आलेख नाही. टिल पदार्थविज्ञानातून आलेला माणूस होता. किती पेशी टोचल्या आणि किती गाठी आल्या याची सरळ रेघ निघाली म्हणून तो शोध टिकला. तू आकडे टाळतेस असा मला वास येतोय. येत्या सुट्टीत संख्याशास्त्राला बस. कॉलेजात न्यूबावर चेंबर, म्हणजे रक्तपेशी मोजायची काचपट्टी, धूळ खात असेल, तर एकाच नमुन्याची दहादा मोजणी करून बघ, दहा उत्तरं कशी येतात ते.

वाट नेहमीचीच: एम.एस्सी.साठी गोवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा किंवा जॅम, मग पीएच.डी.साठी नेट-गेट. त्याआधी विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज कर, दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत राहा. पुण्याची पेशीविज्ञानाची एनसीसीएस, खारघरचं कर्करोग संशोधनाचं ॲक्ट्रेक, मुंबईत ट्रॉम्बेचं अणुसंशोधनाचं बीएआरसी इथं या विषयाची माणसं आहेत. गोव्यात राहूनच हे सगळं होईल असं मी सांगणार नाही.

काका, हिशेब तुम्हालाही लागेल. पीएच.डी. धरून सात-आठ वर्षं. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, वर घरभाडं. नंतरच्या नोकरीची हमी कोणी देत नाही, मीही देत नाही. उन्हाळ्यानंतर तिला स्वतःलाच नको वाटलं तर बी.एड. कुठं पळून जात नाही, आणि तेव्हा तो फॉर्म ती भरेल. तूर्त आजच्या आज त्या दोन्ही अर्जांत नंबर बदलून तिचा घाला. कसा बदलायचा ते कळलं नाही तर तिलाच विचारा, म्हणजे सांगणंही होऊन जाईल.

आणि बाय, चौथ्या पानावर चूक आहे. बेर्गोनिए आणि त्रिबोंदो यांचा १९०६ चा नियम (ज्या पेशी जास्त विभागतात त्यांना किरणं जास्त बाधतात) सांगून तू लिहिलंयस की किरणांनंतर रक्तात सगळ्यात आधी तांबड्या पेशी घटतात. तसं होत नाही. एक-दोन दिवसांत कोसळतात त्या लिम्फोसाइट, आणि त्या तर बहुतांशी विभागतही नसतात. तांबडी पेशी माणसात १२० दिवस जगते, उंदरात ४० च्या आसपास, म्हणून ती घट उशिरा दिसते. लिम्फोसाइट तो नियम का मोडतात, ते शोधून मला कळव. स्वतःच्या ईमेलवरून.