आधी पाच मिनिटांची फिल्म पूर्ण कर, कॅमेऱ्याचं मग बघू

प्रश्न : मी बार्शीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. मला दिग्दर्शक व्हायचंय. चाळीस मिनिटांच्या फिल्मची पटकथा लिहून झाली आहे, ती सोबत पाठवतोय. आम्ही मित्र मिळून पैसे जमवणार आहोत. त्यातून 85 हजारांचा कॅमेरा हप्त्यांवर घ्यावा की मुंबईतल्या सहा महिन्यांच्या दिग्दर्शनाच्या कोर्सला भरावेत, ते ठरत नाही. कोर्सला गेलो तर कॉलेज सुटेल. बाबा मार्केट यार्डात एका अडत दुकानावर मुनीम आहेत. दुपारनंतर तिथं कुणी नसतं, तिथंच बसून मी ही पटकथा लिहिली.
(पत्राखाली वडिलांच्या अक्षरात दोन ओळी आहेत : ‘पोराचा नाद खोटा नाही, हे मला दिसतं. पण यात पोट भरतं का, तेवढं सांगा.’)

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं, पटकथाही शेवटपर्यंत वाचली. दोन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकतो. कॅमेरा आत्ता घेऊ नकोस आणि कॉलेज सोडू नकोस. येत्या सुट्टीत हातातल्या मोबाइलवर पाच मिनिटांची एक फिल्म पूर्ण कर. पूर्ण म्हणजे शूट झालेली, एडिट झालेली, आवाज नीट लागलेली आणि तुला न ओळखणाऱ्या दहा-पंधरा माणसांनी बसून पाहिलेली.

कॉलेजचं आधी सांगतो, कारण तिथं चूक झाली तर ती निस्तरायला वर्षं जातात. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट 1960 मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. तिथल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना प्रवेश घ्यायचा तर हातात पदवी लागते. कुठल्याही शाखेची चालते. म्हणजे आज बी.एस्सी. सोडलीस, तर सहा महिन्यांच्या कोर्ससाठी तू त्या दाराला स्वतःच्या हातानं कुलूप लावशील. नागराज मंजुळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. मराठीत एम.ए. केल्यावर त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचा, म्हणजे मास कम्युनिकेशनचा, अभ्यासक्रम केला. तिथं शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कॉलेज चालू ठेवून फिल्म करता येते, एवढं यातून घे.

आता तुझ्या पटकथेबद्दल. तुझे संवाद चांगले आहेत, खास करून आजीचे. पण त्यात पावसातली मारामारी आहे, मोटरसायकलचा पाठलाग आहे, पोलीस स्टेशन आहे, आयसीयू आहे आणि बोलणारी अकरा पात्रं आहेत. यातली प्रत्येक गोष्ट पैसे मागते आणि पैसे नसतील तर खोटी दिसते. वायरमनची खाकी पँट घातलेला मित्र पडद्यावर पोलीस वाटत नाही. बजेट नसतं तेव्हा गोष्टच अशी निवडावी लागते, जिचं सगळं सामान आधीपासून आपल्या आसपास आहे.

मालेगावचं उदाहरण तुला माहीत असेल. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला, सुमारे 50 हजार रुपयांत. कलाकार गावातलेच होते. घोडे कुठून आणणार? त्यांचे डाकू सायकलींवरून आले. घोड्यांसाठी पैसे उभे राहण्याची वाट बघत बसले असते, तर तो पिक्चर झालाच नसता.

तुझ्याकडे काय आहे ते तू पत्रात सहज लिहून गेलास. अडत दुकान, आणि तेही दुपारनंतर रिकामं. ही जागा मिळवायला बाहेरून येणाऱ्याला परवानग्या आणि भाडं यातच महिना जाईल. आणि भाडं देऊनही तुला जे दिसतं ते त्याला दिसणार नाही. तुरीची दोन पोती विकलेला एक म्हातारा शेतकरी गादीसमोर बसलाय, मुनीम पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, लिहितायत, हमाली, तोलाई वजा होतेय. शेतकऱ्याची शेवटची एसटी निघायला थोडाच वेळ आहे, पण घाई करा म्हणायचं धाडस त्याला होत नाही. पलीकडून तो कागदावरचा आकडा उलटा वाचायचा प्रयत्न करतो. हा एक शॉट तुझ्या पाठलागापेक्षा जास्त ताण देईल. ही गोष्ट घे असं मी म्हणत नाही, तुझी तू शोध. पण शोध त्याच चार भिंतींत : दोन माणसं, एक खोली, एक दुपार. चाळीस मिनिटांची पटकथा जपून ठेव, ती तिसरी किंवा चौथी फिल्म आहे.

प्रकाशासाठी दुकानाचं शटर हाच तुझा दिवा. दुपारी उजेड एका बाजूनं आत येतो. माणसाला त्या उजेडाकडे तिरपं बसव आणि चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी पडली तर त्या बाजूला थर्माकोलचा पांढरा शीट धर. मोठ्या सेटवरही हेच करतात. फक्त उजेड सरकतो, म्हणून एका दिशेचे सगळे शॉट एका दमात घे आणि मग कॅमेरा फिरव. मोबाइलचा एक्स्पोजर (उजेड), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक कर, नाहीतर कुणी हलला की चित्र आपोआप उजळतं-काळवंडतं आणि घरगुती व्हिडिओ वाटायला लागतं.

आत ट्यूबलाइट चालू असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतील. इथं तुझं भौतिकशास्त्र कामाला येतं. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. कॅमेऱ्याचा शटर स्पीड 1/50 सेकंद ठेवलास की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात आणि पट्टे जातात. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, 25 ठेव. मोबाइलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात हे हातानं ठरवता येत नसेल तर ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप फुकट मिळतं.

आणि आता आवाज. हौशी फिल्म बहुतेक वेळा इथंच मार खाते. चित्र थोडं हललेलं, थोडं अंधारं असलं तरी प्रेक्षक चालवून घेतो. संवाद कळला नाही तर मात्र तो दुसऱ्या मिनिटाला उठतो. मोबाइल आठ फुटांवर असेल तर त्याच्या माइकमध्ये संवादापेक्षा पंखा जास्त येतो. म्हणून साधा वायरचा कॉलर माइक घे, तो दुसऱ्या मोबाइलला लाव आणि तो मोबाइल नटाच्या खिशात ठेव. दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजव. एडिटला बसशील तेव्हा टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवलास की सगळा शॉट जुळतो. पंखा बंद, फ्रिज असेल तर बंद, बाहेर ट्रॅक्टर आला तर तो जाईपर्यंत थांबायचं. घाम येईल, येऊ दे.

शूट संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून त्या खोलीची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड कर. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दोन संवादांच्या मधल्या फटी त्या शांततेनं भरल्या नाहीत तर प्रत्येक कटला आवाज तुटल्यासारखा वाटतो. शिवाय एक सकाळ कॅमेरा घरी ठेवून फक्त आवाज गोळा करायला यार्डात जा. सौद्याची बोली, पोतं जमिनीवर टाकल्याचा धप्प आवाज, वजनकाट्याचा आवाज, हमालांच्या हाका. रिकाम्या दुकानात घेतलेल्या शॉटखाली हे हलकेच टाकलंस की पडद्यावर न दिसणारं अख्खं यार्ड उभं राहतं. मोठ्या बजेटवाल्यांना ज्यासाठी शंभर माणसं उभी करावी लागतात ते तुला फुकट मिळतं.

तालमी भरपूर कर. क्रिस्टोफर नोलननं आपली पहिली पूर्ण लांबीची फिल्म ‘फॉलोइंग’ मित्रांना घेऊन केली. सगळे आठवडाभर नोकऱ्या करणारे, त्यामुळे वर्षभर शनिवारी शूटिंग चालायचं. कच्ची फिल्म महाग, म्हणून नाटकासारख्या तालमी करून पहिल्या-दुसऱ्या टेकमध्येच शॉट काढायचा असा त्यांचा शिरस्ता होता. तुला मोबाइलवर टेक फुकट आहेत, तरी तालमी कर, कारण पन्नास टेक घेणाऱ्याला एडिटच्या वेळी पन्नास टेक बघावे लागतात. नट कॉलेजच्या एकांकिकेच्या ग्रुपमधून घे. पुरुषोत्तम करंडक किंवा तसल्या एकांकिका स्पर्धा केलेली मुलं शिस्तीची असतात, फक्त शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची त्यांची सवय कॅमेऱ्यासमोर मोडावी लागते. ‘शेजारी बसलेल्यालाच ऐकू जाऊ दे’ एवढं सांगितलं तरी पुष्कळ फरक पडतो.

खर्चाची माझी मांडणी साधारण अशी : माइकला 1,000, ट्रायपॉडला 1,200, दोन दिवस सहा माणसांच्या जेवण-चहाला 1,500, थर्माकोल आणि किरकोळ सामानाला 200, येण्याजाण्याला 600. वर 1,500 बाजूला ठेव, काहीतरी मोडतंच. एकूण 6,000. जेवणात काटकसर करू नकोस. फुकट काम करणारा मित्र उन्हाला तक्रार करत नाही, पण तीन वाजेपर्यंत उपाशी ठेवलं तर दुसऱ्या दिवशी येत नाही. एडिटिंगसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. मात्र तिला जरा दणकट कॉम्प्युटर लागतो, कॉलेजच्या लॅबमध्ये विचार. हिंदी गाणं पार्श्वसंगीत म्हणून उचलून लावू नकोस. हक्क दुसऱ्याचे असतात, महोत्सवांतूनही फिल्म त्यामुळे परत येते.

फिल्म झाली की कॉलेजच्या एखाद्या वर्गात पडदा लावून दाखव आणि तू मागे उभा राहून पडद्याऐवजी माणसांकडे बघ. कुठं चुळबुळ होते, कुठं मोबाइल बाहेर निघतात, ते लिहून ठेव. त्यानंतर पुन्हा एडिट कर.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ही फिल्म करताना स्वतःवर लक्ष ठेव. नटांशी बोलताना रमतोस, की एडिटच्या टेबलावर रात्र कशी गेली कळत नाही, की आवाज गोळा करायला गेलेली ती सकाळ सगळ्यात आवडली? माझ्याकडे येणारी जवळपास सगळी मुलं ‘दिग्दर्शन’ म्हणतात, कारण पोस्टरवर तेच नाव वाचलेलं असतं. साऊंड हा शब्द क्वचितच कुणी उच्चारतो. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलानं तरी तो विभाग नीट पाहावा असं मला मनापासून वाटतं.

आता तुझ्या बाबांसाठी.

दादा, तुम्ही विचारलंत ते योग्य आहे आणि त्याचं उत्तर गोड करून सांगणार नाही. यात पोट भरतं, पण उशिरा भरतं आणि पहिली काही वर्षं नियमित भरत नाही. सुरुवातीला सहायक म्हणून काम मिळतं, रोज बारा-बारा तास जातात, पैसे कमी असतात आणि तेही पुष्कळदा मागावे लागतात. दिग्दर्शक होणारे थोडे. पण एका मालिकेमागे एडिटर, साऊंडवाले, कॅमेरा असिस्टंट, प्रॉडक्शनवाले अशी कितीतरी माणसं घर चालवत असतात. मराठी मालिकांचं शूटिंग आता कोल्हापूर, सातारा, नाशिककडेही होतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मुंबईत खोली घ्यायची गरज नाही. गावात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याच्या हाताखाली एक सीझन काढला तरी त्याला चार पैसे मिळतील आणि दुसरा टेक मिळत नसताना शॉट कसा घ्यायचा तेही कळेल.

दोन गोष्टी मात्र होऊ देऊ नका. हप्त्यांवर कॅमेरा नको : कामाशिवाय पडलेला कॅमेरा दर वर्षी जुना होतो, हप्ता मात्र तेवढाच राहतो. आणि ‘कोर्सनंतर काम मिळवून देऊ’ असं तोंडी सांगून आगाऊ फी घेणाऱ्या कुणाकडेही पैसे भरू नका. पदवी होईपर्यंत त्याला वर्षाला एक छोटी फिल्म करू द्या. उन्हाळ्यात पुण्याला भरणारा फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा रसास्वाद वर्ग जमला तर करू द्या. पदवीनंतर प्रवेश परीक्षा द्यायची की थेट कामाला लागायचं, ते त्या दोन-तीन फिल्म समोर ठेवून आपण तिघं ठरवू.

आणि एक विनंती. दुकानाच्या मालकांशी तुम्हीच बोला. पोराला परवानगी मागायला पाठवलंत तर ‘बघू’ म्हणतील. पुष्कळ बाजार समित्यांत अमावास्येला सौदे बंद असतात. तुमच्याकडेही तसं असेल तर तो अख्खा दिवस मागून घ्या, आणि शेजारच्या दुकानांनाही आदल्या दिवशी सांगून ठेवा. मुनिमाच्या भूमिकेसाठी तो नट शोधत फिरेल. पट्टी लिहितानाच्या क्लोजअपला तरी हात तुमचाच असू द्या, नटाचं पेन तसं चालणार नाही.

मित्रा, तू एका पानात गोष्ट आणि त्याखाली शॉटची यादी लिहून मला पाठव. यादी पंचवीस शॉटच्या वर गेली तर पाठवायच्या आधीच कापून आण.