डायसेलेनाइड, द्विसेलेनाइड आणि जोडसेलेनाइड

कोथरूडच्या एक प्राध्यापिका पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संक्रमण धातूंच्या सेलेनाइडांवर (म्हणजे सेलेनियमशी झालेल्या संयुगांवर) मराठी टिपण तयार करीत आहेत. 'डायसेलेनाइड'ऐवजी सरसकट 'द्विसेलेनाइड' लिहावे काय, आणि क्वार्ट्झच्या नळीत ही संयुगे घडवण्याच्या क्रियेला 'संश्लेषण' म्हणावे की 'स्फटिकवाढ', असे त्यांनी विचारले आहे.

'द्वि' हा उपसर्ग व्याकरणाला धरूनच आहे. पण तो नेमके काय मोजतो, हे पाहिल्याशिवाय तो सरसकट लावू नये, असे माझे मत आहे. मॉलिब्डेनम डायसेलेनाइडात एका मॉलिब्डेनममागे सेलेनियमचे दोन अणू असतात, परंतु ते एकमेकांशी बांधलेले नसतात. मॉलिब्डेनमभोवती सहा सेलेनियम अणू त्रिकोणी चितीच्या (प्रिझमच्या) सहा कोपऱ्यांवर बसतात, आणि अशा चिती कडेला कडा भिडवून एक सलग पापुद्रा होतो: वर सेलेनियम, मध्ये मॉलिब्डेनम, खाली सेलेनियम. लगतच्या पापुद्र्यांना धरून ठेवणारे बल क्षीण असल्यामुळे ते चिकटपट्टीने सोलता येतात. ('थर' चुकीचा नाही, पण अणूंच्या प्रत्येक पातळीलाही आपण थरच म्हणतो, म्हणून तीन पातळ्यांच्या या एककाला 'पापुद्रा' अधिक शोभतो.) टायटॅनियम डायसेलेनाइडही पापुद्र्यांचेच, फक्त तेथे चितीच्या जागी अष्टफलक असतो.

निकेल डायसेलेनाइडाचे सूत्र याच साच्याचे असले, तरी त्याची रचना पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजासारखी, म्हणजे घनीय असते आणि तिच्यात पापुद्रे नसतात. येथे सेलेनियमचे दोन अणू सहसंयुज बंधाने जोडलेले असून त्यांच्यातील अंतर सुमारे २.४ अँगस्ट्रॉम असते. मॉलिब्डेनमच्या संयुगात मात्र सेलेनियमचे अगदी जवळचे दोन अणूही सुमारे ३.३ अँगस्ट्रॉम दूर असतात. निकेलच्या संयुगातील बांधलेली जोडी मिळून दोन ऋण प्रभार बाळगते, त्यामुळे निकेल +२ या ऑक्सिडीकरण अवस्थेत राहते, तर मॉलिब्डेनम +४ या अवस्थेत असते. म्हणून संयुगांच्या नावात रूढ 'डायसेलेनाइड' राहू द्यावे, आणि बांधलेल्या जोडीच्या आयनाला 'जोडसेलेनाइड' म्हणावे, असे मी सुचवतो. जोडाक्षर आणि जोडशब्द यांतला 'जोड' नुसती संख्या सांगत नाही, सांधलेपणही सांगतो, आणि येथे तेच हवे आहे.

दुसऱ्या प्रश्नात दोन्ही शब्द लागतात. धातूची भुकटी आणि सेलेनियम निर्वात, सीलबंद नळीत तापवून संयुग घडवणे हे संश्लेषण. सेलेनियम २२१ अंश सेल्सिअसला वितळते आणि ६८५ अंशांना उकळते. धातूशी त्याची अभिक्रिया पुरती होण्याआधीच तापमान चढवले, तर बाष्पाच्या दाबाने नळी फुटू शकते, म्हणून भट्टी सावकाश तापवतात. मिळालेली भुकटी थोड्या आयोडीनसह दुसऱ्या नळीत भरून नळीची दोन टोके वेगवेगळ्या तापमानांना ठेवली, म्हणजे आयोडीन धातूला बाष्परूपात दुसऱ्या टोकाला नेते, तेथे तेच संयुग चकचकीत पत्र्यांच्या रूपात जमते आणि आयोडीन मोकळे होते. ही स्फटिकवाढ होय, कारण येथे नवे संयुग घडत नाही. मूलद्रव्ये आणि आयोडीन एकाच नळीत घेतली असतील, तर दोन्ही शब्द लिहावेत.

पुण्यातील पाषाण भागातल्या प्रयोगशाळांत बोलताना 'क्रिस्टल ग्रो केले' असे सर्रास म्हणतात. टिपणात त्याचे 'स्फटिक वाढवले' करण्यापेक्षा 'स्फटिक वाढू दिले' असे करावे. नारळ आणि बांगडी यांच्या बाबतीत 'वाढवणे' म्हणजे फोडणे, हा अर्थ मराठी कानात अजून जिवंत आहे.