मानसिक आजार असलेल्यांचा स्वमदत गट गावात सुरू करायचा आहे. लोक कसे जमवावेत आणि दर बैठकीला कार्यक्रम काय ठेवावा?

कार्यक्रम ठेवूच नका. पाहुणे, व्याख्यान, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, काहीही नको. गोल बसायचं, ज्याला बोलायचंय त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये न तोडता ऐकायचं. दीड तास कधी संपतो कळत नाही. मला स्वतःला बायपोलर (मन कधी अतिउत्साहात, कधी खोल निराशेत जातं तो आजार) आहे, बरीच वर्षं त्यावरच्या लिथियम या औषधावर आहे आणि आमच्या तालुक्याच्या गावात असा गट चालवते, म्हणून ठामपणे सांगते.

सुरुवातीला आम्हाला एका वाचनालयाचं सभागृह मिळालं होतं. माझे मोठे दीर तिथल्या कार्यकारिणीवर, त्यांनीच शब्द टाकला. भाडं नाही, वर चहा वाचनालयाकडून. शिपाई खुर्च्या व्यासपीठाकडे तोंड करून रांगेत लावायचा, आम्ही त्या गोल करायचो आणि जाताना परत रांगेत लावून जायचो. तेवढं चालवून घेतलं.

एका रविवारी एक बाई बोलत होत्या. (त्यांना विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून लिहितेय.) बाळंतपणानंतर आजार सुरू झाला. नवऱ्याला माहीत आहे, सासूला नाही. गोळ्या रक्तवाढीच्या गोळ्यांच्या पाकिटात घालून तूरडाळीच्या डब्यात तळाशी ठेवतात. गटाला येताना शिवणाच्या क्लासला जाते असं सांगून निघतात आणि घरी कोणी पिशवी बघितलीच तर असू दे म्हणून तिच्यात एक अर्धवट शिवलेलं परकर-पोलकं कायम असतं. हे सगळं त्या पहिल्यांदाच कोणापुढे तरी बोलत होत्या. तेवढ्यात दार उघडून वाचनालयाचे अध्यक्ष आत आले आणि त्यांच्या मागून गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर.

बाईंनी पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. कॉलेजातला एक मुलगा उठून थेट बाथरूममध्ये गेला आणि त्यानं आतून कडी लावली. मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. अध्यक्ष म्हणाले, "ताई, आजार लपवू नका असं तुम्हीच सांगता ना? मग लाज कसली? वार्षिक अहवालात फोटो लागतो, देणगीदारांना आम्ही काय दाखवायचं?" मी म्हटलं, माझा काढा, नावासकट छापा, यांचा नाही. त्यांना एकटीचा फोटो नको होता, भरलेलं सभागृह हवं होतं. पुढच्या रविवारी दाराला कुलूप होतं.

भाऊजी आजही लग्नामुंजीत भेटले की म्हणतात, "एका फोटोनं काय बिघडलं असतं? चांगली फुकटची जागा घालवलीस." बिघडलं असतं, भाऊजी. मी माझा आजार उघड सांगते, कारण माझी मुलं मार्गी लागलीत, नवरा पाठीशी आहे आणि माझी नोकरी जाण्याची भीती नाही. त्या मुलाच्या घरी बहिणीसाठी स्थळं बघणं चालू होतं. आजार कुणाला सांगायचा आणि कधी, हे ज्याला परिणाम भोगायचेत त्यानं ठरवायचं, अध्यक्षांनी नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २४ हेच सांगतं: मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. वाचनालय काही रुग्णालय नव्हे हे मला कळतं, पण रुग्णालयानं जे करायचं नाही ते वाचनालयानं का करावं?

आता आम्ही एका बालवाडीच्या खोलीत बसतो. खुर्च्या गुडघ्याएवढ्या, म्हणून सतरंजी घालतो. भाडं आमचं आम्ही देतो, डबा फिरतो, ज्याला जमेल तो टाकतो, कुणी किती टाकलं ते बघत नाही. १९३५मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटांची, परंपराच आहे की बाहेरची देणगी घ्यायची नाही. त्यामागचं कारण मला त्या कुलपासमोर उभं राहून पुरतं कळलं. त्या बाई पुढे पुष्कळ दिवस आल्या नाहीत. आता येतात.

लोक जमवायचे तर मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत फक्त फोन नंबर असलेली चिठ्ठी ठेवायला सांगा. पत्ता छापू नका, तो बोलणं झाल्यावर द्या. दोघंच आले तरी बैठक घ्या. घरच्यांची बैठक वेगळी ठेवा. शुभार्थी (आजार असलेला) आणि शुभंकर (त्याची काळजी घेणारा) एका सतरंजीवर बसले की प्रश्न मुलाला विचारला तरी उत्तर आई देते. आईलाही रडायला जागा हवीच, पण ती मुलासमोर नको.

औषधांवर गटात सल्ला द्यायचा नाही, कितीही अनुभवी असलात तरी. 'मी गोळी अर्धी केली, मला काही झालं नाही' हे वाक्य निघालं की तिथंच थांबवते. लिथियमचंच घ्या. जुलाब झाले, निर्जळी उपास धरला, अंगातलं पाणी-मीठ कमी झालं, की रक्तातली पातळी चढू शकते, म्हणून तर वेळोवेळी रक्त तपासावं लागतं. माझा डोस बघून दुसऱ्यानं आपला ठरवला तर जिवावर बेतेल.

आणि इथलं बोलणं इथंच राहील हे वचन देताना त्याचा अपवाद दर बैठकीला आधीच सांगा: कोणी जीव द्यायची भाषा केली तर आम्ही गप्प बसणार नाही. सरळ विचारायचं, "मरावंसं वाटतंय का?" विचारल्यानं कोणी प्रवृत्त होत नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, डॉक्टर आणि घरचं विश्वासाचं माणूस गाठायचं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तो भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. ज्याला भास जोरात होताहेत किंवा ज्याची झोप पार उडाली आहे त्याला त्या दिवशी गटात बसवू नका, आधी डॉक्टरकडे न्या. गट हा उपचारांच्या जोडीला असतो.

आता जागेचं. देणारा काही अट घालत असेल, फोटो, बॅनर, वर्षातून एखादा कार्यक्रम, तर ती लिहून मागा आणि पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर वाचा. एकानं जरी नको म्हटलं तरी दुसरी जागा शोधायला लागा. नातेवाईक काय म्हणायचं ते म्हणोत.