भात तू ने

बाय,

तुझा मेसेज वाचला. रविवारी रात्री चोडण बेटावर शाळेतली 22 जणं जमणार, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, आणि तू गेली 7 वर्षं त्यांच्यापैकी कोणाच्या फोनला धड उत्तर दिलेलं नाहीस. जिच्या घरी जमायचं आहे तिचे बाबा गेले, तेव्हाही तू फिरकली नाहीस. आणि आता विचारतेस, पणजीहून दोन किलोचा केक नेला तर चालेल का.

नको. भात तू ने.

हे पत्र पुढे वाचण्याआधी ग्रुपवर लिही: ‘भात माझ्याकडे. 22 जणांचा. गरम आणते, गॅस लागणार नाही.’ एवढंच. खूप दिवस झाले, सॉरी, हात जोडलेली चित्रं, यातलं काही लिहू नकोस.

तू पाठवलेली यादी बघ ना नीट. तीन चिकन शागुती, एक डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, कटलेट, दोन पुडिंगं, बेबिंका, चिप्स. भात कोणी लिहिला आहे का? कधीच कोणी लिहीत नाही. शागुती केली की दहा जण मसाला कसा भाजलास म्हणून विचारतात. भाताचं नाव कोणी काढत नाही, म्हणून तो प्रत्येकाला दुसऱ्याचा वाटतो. मग नऊ वाजता यजमानीण कुकर लावायला उठते. एका खेपेला पाच-सहा जणांचा भात, शिट्ट्या, वाफ जिरायची वाट, पुन्हा दुसरी खेप. पहिले आठ जण हात धुऊन बसलेले आणि शेवटचे सहा रिकामी ताटली धरून उभे. अंगतपंगतीत सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं असतं, ते तिथेच मोडतं. पूर्वी वनभोजनाला किंवा कार्तिकात आवळीखाली जेवायला जाताना घरातली मोठी बाई आधी भाताचा टोप कोणाकडे ते विचारायची, बाकीची यादी नंतर. आता आपण पॉटलक म्हणतो आणि यादी पुडिंगपासून सुरू करतो.

दुसरं कारण शेगडीचं. तिच्या घरी फार तर तीन बर्नर. चार-पाच टोप थंड होऊन येणार आणि प्रत्येकाला आपलाच आधी गरम करून हवा असणार. जो पदार्थ गरम येतो, गरम राहतो आणि स्वयंपाकघरात जागा मागत नाही, त्याने त्या घरावर खरा उपकार होतो. केकला फ्रीजमधला आख्खा कप्पा लागतो, हेही लक्षात घे.

आता भाताचं. उकडा तांदूळ ने. सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाचा भात मोठ्या टोपात स्वतःच्याच वजनाने खाली दबतो आणि तळाचा लगदा होतो. उकड्याचं शीत तासन् तास सुटं राहतं. ज्योती किंवा जया, जो घरी रोज शिजतो तोच घे, नव्या तांदळावर त्या दिवशी प्रयोग नको. नुसतं भात-हुमणाचं, म्हणजे माशाच्या कालवणाचं, जेवण असतं तर माणशी 100 ग्रॅम धरले असते. इथे पाव आहे, कटलेट आहे, म्हणून माणशी 80. 22 जणांचे पावणेदोन किलो. शिजून तो पाच किलोच्या आसपास भरेल. एका टोपात करायला जाऊ नकोस. घरच्या गॅसवर एवढं पाणी उकळायलाच पाऊण तास जातो, तांदूळ घातल्यावर पाणी थंड पडतं आणि वरचं शीत कच्चं राहून खालचं फुटतं. दोन टोप घे, प्रत्येकी आठ लिटरचे. प्रत्येकात साडेचार लिटर पाणी, ते खळखळ उकळल्यावरच तांदूळ.

तांदूळ चार-पाच पाण्यांनी धू आणि तासभर भिजव. शिजायला पाऊण तास धर. जुना तांदूळ जास्त वेळ घेतो. पहिली दहा मिनिटं ढवळ, मग हात लावू नकोस. शीत दोन बोटांत दाबलं की मधे टाचणीच्या टोकाएवढा कण लागला पाहिजे. तेव्हाच पेज गाळ. पूर्ण शिजेपर्यंत थांबलीस तर पुढे गुंडाळलेल्या टोपात तो आणखी शिजतो आणि रात्री चिखल वाढावा लागतो. इथेच बहुतेकांचा भात बिघडतो, इथेच. गाळल्यावर पाच मिनिटं निथळू दे, दोन्ही टोपांतला भात एका मोठ्या कोरड्या, गरम टोपात घे, तोंडावर सुती पंचा पसर आणि त्यावर झाकण ठेव. पंचा नसला तर झाकणाखालची वाफ थेंब होऊन वर पडते. मग जाड चादरीत, तिच्यावर गोधडीत, गाठ मारून. गाळलेली पेज टाकू नकोस. मीठ घालून थर्मासमध्ये भर. एवढ्या माणसांत एखाद्याचं पोट बिघडलेलं असतंच.

गरम ठेवण्याबद्दल इतकं सांगते त्याला कारण आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवून मरत नाहीत. भात कोमट राहिला की जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात, आणि उलट्या करवणारं ते विष भात पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात एक तर वाफाळता, 60 अंशांच्या वर, नाही तर फ्रीजमध्ये. मधली अवस्था नाही. सव्वापाचला गाळ, साडेपाचला फोंड्याहून नीघ. रायबंदरला फेरीबोटीची रांग धरून सव्वा तास. टोप सीटवर ठेवू नकोस, पुढे पाय ठेवायच्या जागेत ठेव, म्हणजे ब्रेक लागला तरी कलंडत नाही. साडेआठच्या पुढे वाढायला थांबायचं नाही. मंडळी गप्पांत रंगली असली तरी तू ताटं मांडायला घे.

भात तुझ्याकडे आला की यादीवर बोलायचा हक्कही तुझ्याकडे येतो. तो वापर. ज्याच्याशी खाणार त्याची चौकशी भातवालीने केली तर कोणाला खटकत नाही. श्रावण आहे, म्हणजे निम्मे शिवराक, शाकाहारी, असतील, आणि त्यांच्यासाठी यादीत चिप्सखेरीज काही नाही! दोन शागुतीवाल्यांना फोन कर. मेसेज नको, फोन. एकाला वरण सांग, माणशी 25 ग्रॅम तूरडाळ पुरे, म्हणजे साडेपाचशे ग्रॅम. दुसऱ्याला अळसांद्याचं (चवळीचं) तोणाक किंवा मिश्र भाज्यांचं खतखतं. सगळ्यांनी 22 जणांचं भरपेट करायची गरज नसते. चार कालवणं असली की माणशी अर्धी वाटी वाढली जाते, तेव्हा प्रत्येकाने अडीच लिटर आणलं तर उरतं. हे सांगितलं नाही तर प्रत्येक जण आठ लिटर करतो आणि सोमवारी सगळ्या घरांत तेच.

कोण काय आणणार हे आवडीवर सोडू नये, अंतरावर ठरवावं. वाटलेल्या नारळाचं जे जे, ते जवळच्याने आणावं: रायबंदर, पणजी, जुनं गोवं. या दमट हवेत नारळाचं वाटण लवकर आंबट वास धरतं, आणि बंद डब्यात गरम भरलं तर त्याहून लवकर. दुरून, मडगावहून वगैरे येणाऱ्याने व्हिनेगरचं आणावं. सोरपोतेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त मुरतं, त्याला प्रवासाचं भय नाही. कोणी सोलकढी आणणार असेल तर सांग, चार नारळांचं दूध बर्फात ठेवून वेगळं आण, आगळ, म्हणजे कोकमाचा रस, वेगळं. जेवायच्या आधी दहा मिनिटं मिसळ. घरून मिसळून आणली की वाटेत फाटते. पोयी, म्हणजे कोंड्याचे पाव, तिच्याच गावच्या पाववाल्या पोदेराला आदल्या दिवशी सांगून ठेवायला लाव, 30 पुरेत. आणि मासे या यादीत नाहीत ते बरं आहे. जून-जुलैत मासेमारीला बंदी असताना कोणाला तरी मासे आणायला सांगणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना बाजारात एकदा पाठवायला हवं.

शिवराक टोप वेगळ्या टेबलावर, प्रत्येकाचा डाव वेगळा. शागुतीतला डाव वरणात गेला की श्रावण पाळणारी माणसं काही बोलत नाहीत, हात आखडता घेतात आणि उपाशी घरी जातात. दोन्ही टेबलांच्या मधे भात, आणि भातामागे तू. स्वतःची भातवाढी घेऊन जा.

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. भातापाशी उभी राहिलीस की 22 जणांपैकी प्रत्येक जण ताटली घेऊन तुझ्यासमोर येणार, बहुतेक दोनदा. तुला कोणाकडे चालत जावं लागणार नाही, कोणत्या घोळक्यात शिरू ते कळत नाही म्हणून फोनमध्ये डोकं घालून भिंतीला उभं राहावं लागणार नाही. हात कामात आहेत, अर्धा मिनिट आहे, तेवढ्यात नाव घेऊन बोल. ‘आणखी घाल’, ‘तुझी आजी कशी आहे’, ‘पेज आहे, देऊ?’ नोकरी, पगार, लग्न, मुलं विचारू नकोस. तुझ्या 7 वर्षांचा हिशेबही वाढता वाढता देऊ नकोस. कोणी टोचून म्हणालं, आठवण झाली वाटतं आमची, तर ‘हो, झाली’ म्हण आणि भात घाल. खुलासे केकबरोबर शोभतात.

मी पुष्कळ वर्षं मिठाईचा खोका घेऊन लोकांकडे गेले आणि पाहुणी होऊन परत आले. त्यातली काही घरं आता माझी राहिली नाहीत. भाताचा एवढा आग्रह कशाला म्हणून मला विचारतात. पदार्थ कोणताही असो, भावना महत्त्वाची, असं समजावतातही. मला ते पटत नाही. भावना प्रत्येकीच्या मनात असतेच, ती टोपात यावी लागते. तुझ्याही मनात 7 वर्षं होतीच की. तिचा त्या मैत्रिणीला काय उपयोग झाला?

तिच्याबद्दल. रविवारपर्यंत थांबू नकोस, उद्याच फोन कर. भाताचं निमित्त आहे: टोप ठेवायला जागा कुठे, पंगत खाली बसणार की टेबलावर, ताटं पुरतील ना. त्या फोनवर बाबांचा विषय काढू नकोस, तो फोनवर काढायचा नसतो. बाकीचे साडेसातला येतील, तू पावणेसातला पोच. आणि सगळे गेले की मागे थांब. भांडी तू घास, ती विसळेल. शेजारी शेजारी उभं असताना, एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही तेव्हा, सांग: ‘बाबा गेले तेव्हा मी आले नाही. यायला हवं होतं.’ दोन वाक्यं. तिसरं बोलू नकोस. ‘कामात होते’, ‘कळलंच उशिरा’, ‘धीरच झाला नाही’, यातलं एकही नाही, खरं असलं तरी नाही. ती गप्प राहिली तर तू पण राहा आणि टोप घासत राहा. ती रागावली तर ऐक. बाबांबद्दल बोलायला लागली तर पाण्याचा नळ बंद कर. शेवटची फेरी किती वाजता ते मात्र जातानाच विचारून ठेव. नाही तर नेमक्या त्या क्षणी घड्याळ बघशील.

उरलेला भात गरम टोपात झाकून तिच्याकडे ठेवू नकोस, आधी सांगितलं ते कारण. परातीत पातळ पसर, वाफ गेली की डब्यांत भरून तासाभरात फ्रीजमध्ये. श्रीखंडाचे चार-पाच रिकामे डबे बरोबर ने. जे दोघं-तिघं आले नाहीत, त्यांच्यासाठी जवळ राहणाऱ्याच्या हाती एकेक डबा पाठव, नाव लिहून. यापैकी एकाशी तुझं भांडण आहे ते मला माहीत आहे. त्याचाही डबा भर.

मोठा टोप माझा घेऊन जा, 12 लिटरचा आहे. शनिवारी संध्याकाळी ये, तांदूळही तेव्हाच मोजून देते. त्याच्या झाकणाची एक बाजू वाकलेली आहे, पंचा दुहेरी घडी करून घाल, नाही तर वाफ तिथून जाते. आणि परत आणायची घाई करू नकोस. टोप तिच्याकडेच राहू दे, पुढच्या आठवड्यात दुपारच्या फेरीने जाऊन घेऊन ये. जाताना तो भात फोडणीला टाकला होता का ते विचार.

तुझी,
मावशी