निधीभोजनाचे धान्य केव्हा घ्यावे?

जव्हार-मोखाड्यातील कुपोषित बालकांसाठी आपण नाचणी, वरई आणि रानभाज्यांचे निधीभोजन, म्हणजे मदतनिधी जमवण्यासाठीचे जेवण, आषाढात ठेवत आहात, ते योग्यच आहे, कारण टाकळा, कुर्डू तेव्हा कोवळे असतात. (शेवळे मात्र माहीतगार हातांनीच शिजवावीत, नाहीतर घसा खाजतो.) धान्य मात्र त्या वेळी तेथून उचलू नये, कापणी दिवाळीच्या सुमारास होते आणि पावसाळ्यात घरातल्या कणग्या रित्या होत आलेल्या असतात, म्हणून कापणीनंतरच, घासाघीस न करता, रोख मोल देऊन ते घेऊन ठेवावे. उपाशी घरांच्या नावाने पैसे जमवून त्यांचीच वरई पडत्या भावाने घेणे मला अशोभनीय वाटते. २,००० रुपयांवरील रोख देणगीस प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे देणगीदारांना आधीच सांगावे.