पेशी म्हणजे सेल की मसल?

प्रश्न असा आलाय की अकरावीच्या बायोलॉजीसाठी हिंदी व्हिडिओ बघताना 'पेशी कोशिका' असं ऐकलं, मराठीत तर पेशी म्हणजेच सेल, मग हे काय, सेलचा सेल?

नाही हो, घोळ दोन भाषांचा आहे. हिंदीत सेलला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे मसल, मांसपेशी. त्यामुळे हिंदीतली 'पेशी कोशिका' म्हणजे आपली स्नायूपेशी, बास. आणि खरं सांगायचं तर जुन्या अर्थाला धरून हिंदी आहे, आपण नाही. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी मोजल्यात, आता सेल कोण मोजणार आणि ते फक्त ५०० कसे भरतील, तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळाच. त्याच यादीत ९०० स्नायू वेगळे दिलेत, ते मसल नव्हेत, हाडंबिडं बांधून ठेवणारे दोरीसारखे बंध. म्हणजे आपण पेशी सेलला देऊन टाकली आणि मसलची जागा रिकामी झाली तिथे स्नायू आणून बसवला. हिंदीत स्नायुतंत्र म्हणजे नर्व्हस सिस्टीम हेही लक्षात ठेवा, नाहीतर पुढच्या व्हिडिओत परत अडकाल.

आता कोशिका जास्त बरोबर का, तर १६६५ मध्ये रॉबर्ट हुकने बुचाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली धरला, त्याला रिकामे कप्पे कप्पे दिसले, म्हणून त्याने सेल म्हटलं, सेल म्हणजे छोटी खोली. कोश, कोशिका हे त्याच्या जवळ जातं. पण ते बूच मेलेलं होतं, आतलं सगळं जाऊन नुसत्या भिंती उरलेल्या. जिवंत सेल काही रिकामी खोली नसते, आत पेशीद्रव्य, केंद्रक, तंतुकणिका असं सगळं ठासून भरलेलं, आणि प्राण्यांच्या सेलला तर ती भिंतही नसते, नुसतं पातळ पटल. म्हणून मला आपला 'पेशी' हा गोळेवाला शब्दच जास्त आवडतो (पक्षपात आहे, मान्य).

आणि गंमत बघा, हाडाला जोडलेल्या मसलचा एकेक धागा ही एकच लांबलचक सेल असते, तिच्यात केंद्रकं मात्र पुष्कळ. तिथे दोन्ही भाषांची पेशी एकाच जागी सापडते.

कोर्टातली पेशी वेगळी, ती फारसी 'पेश'वरून आलीये.