पेटंट सर्च शिकायचंय? आधी कुकरची शिट्टी शोधून दाखव

तू विचारलंयस की मेकॅनिकल झालंय, पेटंट सर्चमध्ये (म्हणजे एखादा शोध आधी कोणी लावलाय का हे जुन्या पेटंटांत नि छापील कागदांत शोधायचं काम) शिरायचंय, तर कुठला पेड डेटाबेस शिकू. माझं ऐकशील तर सध्या एकही नको. पेटंट शोधायच्या साइट्स आहेतच, युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेट फुकट, वायपो या जागतिक संस्थेचं पेटंटस्कोप फुकट, आपल्या पेटंट ऑफिसचं इनपासही फुकट (कॅप्चा भरून वैतागशील, पण फुकट). पेड टूल कंपनी देते आणि ते पंधरा दिवसात हाताला बसतं.

खरी गोची शब्दांची असते. घरातला कुकर घे. मी नवीन असताना असंच सर्च करताना 'व्हिसल' टाकलं आणि शिट्टी मारणाऱ्या किटल्यांचा ढीग समोर आला, कारण पेटंट लिहिणारा शिट्टीला शिट्टी म्हणतच नाही रे, तो म्हणतो प्रेशर रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह नाहीतर नुसतं वेट. मग सिनियरने शिकवलं की एक बरं डॉक्युमेंट सापडलं की थांबायचं, त्याचा सीपीसी क्लास बघायचा, म्हणजे शोध कुठल्या विषयातला ते सांगणारा कोड. प्रेशर कुकर ए४७जे २७/०८ मध्ये आणि त्याची सेफ्टी डिव्हाइसेस २७/०९ मध्ये. क्लासमध्ये शिरलास की शब्द कुठलाही असो, जपानी असो नाहीतर जर्मन, डॉक्युमेंट हाताला लागतं, आणि जपानी वाचता येत नसेल तर फॅमिली (एकाच शोधाचे वेगवेगळ्या देशांतले अर्ज) बघ, बऱ्याचदा त्याच शोधाचा इंग्लिश भाऊ अमेरिकेत फाइल केलेला असतो. मग सायटेशन बघायची, मागची पण (त्याने ज्यांचा दाखला दिलाय ती) आणि पुढची पण (ज्यांनी नंतर त्याचा दाखला दिलाय ती).

आणि पेटंटच्या बाहेरही बघायचं हं. हळदीने जखम भरते याचं अमेरिकेत १९९५ ला पेटंट दिलं होतं, आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३ चा एका भारतीय मेडिकल जर्नलमधला लेख पुढे केला, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आजीला माहीत असून चालत नाही, छापलेलं दाखवावं लागतं.

क्लायंटला "काहीच सापडलं नाही" असं छातीठोकपणे कधी सांगू नकोस. अर्ज साधारण १८ महिने पब्लिशच होत नाहीत, म्हणजे काल कोणी अँटॉप हिलच्या पेटंट ऑफिसात फाइल केलं असेल तर ते तुला दिसणारच नाही. म्हणून कुठली क्वेरी, कुठल्या तारखेला, किती हिट, सगळं एक्सेलमध्ये लिहून ठेवायचं. मी एकदा कंटाळा केला, महिन्याने क्लायंटने विचारलं हा क्लास बघितला होता का, आणि मला आठवेना. पूर्ण सर्च परत केला, शनिवार-रविवार घालवून.

तर या रविवारी कुकरचं झाकण घे, लॉक कसा बसतो ते नीट बघ, पाच ओळीत लिही आणि दोन तास शोध. तुझी एक्सेल मला पाठव, हिट नाही मिळाले तरी पाठव.